मिशनरी आणि इंग्रजीचा वर्ग

इंग्रजी शिकवणे हा ख्रिस्ती धर्मप्रचाराचा एक मार्ग सुमारे दोनशे वर्षे चालत आला आहे. त्याची दोन मुख्य रूपे आहेत. एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी उघडपणे मिशनच्या नावाने इंग्रजी शाळा आणि कॉलेजे काढली. तिथे गणित, इतिहास, शास्त्र यांच्याबरोबर बायबलचा तास असे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दुसरे रूप पुढे आले. ज्या देशात मिशनऱ्याला मिशनरी म्हणून प्रवेश नाही, तिथे तो इंग्रजीचा शिक्षक म्हणून जाऊ लागला. दोन्हींच्या मुळाशी हिशेब एकच आहे. लोकांना इंग्रजी हवी असते, ती नोकरीसाठी, व्यापारासाठी, परदेशी जाण्यासाठी. शिकवणाऱ्याला सुवार्ता सांगायची असते. पहिल्या गरजेच्या आधाराने दुसरा हेतू साधावा, असा हा बेत.

मुळात हा मार्ग प्रॉटेस्टंट परंपरेच्या स्वभावाला धरून नव्हता. धर्मग्रंथ माणसाला त्याच्या मातृभाषेत वाचता आला पाहिजे, हे त्या परंपरेचे मूळ तत्त्व. त्यामुळे मिशनरी नव्या मुलखात गेला की आधी तिथली भाषा शिकायचा, व्याकरण आणि कोश तयार करायचा आणि मग बायबलच्या भाषांतराला हात घालायचा. विल्यम कॅरी यांनी श्रीरामपूरला हेच केले. त्यांचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये छापले गेले. कॅथलिकांतही हीच दृष्टी असलेले लोक होते. गोव्यात १५७९ मध्ये आलेले फादर थॉमस स्टीफन्स जन्माने इंग्रज, पण त्यांनी कोणाला इंग्रजी शिकवली नाही. ते मराठी शिकले आणि ‘ख्रिस्तपुराण’ ओवीत लिहिले. तेव्हा इंग्रजीतून धर्मप्रचार करायचा, तर त्याचे समर्थन मुद्दाम करावे लागे, आणि ते समर्थन मिशनरी वर्तुळात कधीच सर्वांना पटले नाही.

पहिले ठाशीव समर्थन एका धर्मनिष्ठ कंपनी-अधिकाऱ्याचे आहे. ईस्ट इंडिया कंपनीत दीर्घकाळ काम केलेले चार्ल्स ग्रँट यांनी १७९२ मध्ये एक निबंध लिहिला. हिंदुस्थानी लोकांना इंग्रजी शिकवली तर युरोपीय ज्ञान आणि त्यामागोमाग ख्रिस्ती धर्म आपोआप पसरेल, अशी त्यांची मांडणी होती. कंपनीला तेव्हा मिशनरीच नको होते. धर्माच्या कारणावरून प्रजा बिथरेल आणि व्यापाराला धक्का बसेल, ही तिची भीती. १८१३ च्या सनदेने मिशनऱ्यांचा रस्ता मोकळा झाला, तरी ग्रँट यांची कल्पना प्रत्यक्षात उतरायला आणखी सतरा वर्षे जावी लागली.

ती उतरवली अलेक्झांडर डफ यांनी. चर्च ऑफ स्कॉटलंडने हिंदुस्थानात पाठवलेले ते पहिले मिशनरी. वाटेत आफ्रिकेच्या दक्षिण टोकाजवळ त्यांचे जहाज फुटले आणि बरोबर आणलेला सुमारे आठशे पुस्तकांचा संग्रह समुद्रात गेला. दुसरे जहाजही हुगळीच्या मुखाशी वादळात सापडले. मे १८३० मध्ये ते कलकत्त्याला पोचले तेव्हा चोवीस वर्षांचे होते. शाळा कलकत्ता शहराबाहेर काढावी, अशी चर्चची सूचना होती. डफ यांनी ती बाजूला ठेवली. शहरातील बहुतेक मिशनऱ्यांना त्यांचा बेत पसंत नव्हता. पाठिंबा दिला तो वृद्ध कॅरी यांनी. आयुष्यभर देशी भाषांत काम केलेल्या माणसाने इंग्रजी शाळेला आशीर्वाद द्यावा, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे.

दुसरे साहाय्य राममोहन राय यांचे. चितपूर रस्त्यावरील ब्राह्मसभेची जुनी जागा त्यांनी मिळवून दिली, पहिले विद्यार्थीही त्यांनीच आणले आणि १३ जुलै १८३० रोजी शाळा उघडली तेव्हा ते स्वतः हजर राहिले. मुलांच्या हातात शुभवर्तमान पडल्यावर कुजबुज सुरू झाली. तेव्हा राममोहन यांनी त्यांची समजूत घातली, की आपण कुराण वाचले म्हणून मुसलमान झालो नाही आणि संस्कृत पंडित विल्सन यांनी हिंदू शास्त्रे वाचली म्हणून ते हिंदू झाले नाहीत. बायबल वाचा आणि स्वतः ठरवा. मिशनरी शाळेकडे पुढे शंभर वर्षे भारतीय पालक ज्या नजरेने पाहत आले, तिचे मूळ या सल्ल्यात आहे. शिक्षण घ्यायचे, धर्माचा तास ऐकायचा, निर्णय आपल्याकडे ठेवायचा.

डफ यांचा भरवसा मात्र वेगळ्या तर्कावर होता. त्यांच्या मते हिंदू धर्मात देवधर्म आणि सृष्टिज्ञान एकाच शास्त्रात गुंफलेले होते. सृष्टीविषयीचे एक विधान खोटे ठरले की सगळी इमारत ढासळेल, अशी त्यांची अटकळ होती. त्यांनीच नोंदवलेला एक प्रसंग या विचाराचा नमुना आहे. पाऊस कोठून येतो, असे त्यांनी वर्गात विचारले. इंद्राच्या हत्तीच्या सोंडेतून, असे एका मुलाने शास्त्राच्या आधाराने सांगितले. मग भात शिजताना निघणारी वाफ, ती गार झाल्यावर होणारे पाणी अशा प्रश्नांच्या पायऱ्यांनी डफ यांनी मुलांना पावसाच्या खऱ्या कारणापर्यंत नेले आणि मुलगा गोंधळला, की हे खरे असेल तर आपल्या शास्त्राचे काय? डफ यांच्या दृष्टीने इंग्रजी हे केवळ भाषेचे ज्ञान नव्हते, जुन्या श्रद्धेला सुरुंग लावण्याचे साधन होते. उच्चवर्णीय तरुणांचा एक छोटा वर्ग आधी बदलायचा आणि त्याच्याकडून विचार खाली झिरपू द्यायचे, हा पुढचा टप्पा.

शिक्षक म्हणून डफ यांची थोरवी मान्य करावीच लागते. ते घोकंपट्टी टाळत, प्रश्न विचारून शिकवत, मुळाक्षरांचा वर्गही स्वतः घेत. शाळेला तुफान प्रतिसाद मिळाला. धर्माच्या बाजूचा हिशेब मात्र वेगळा निघाला. १८३२ मध्ये ज्यांच्या बाप्तिस्म्याने कलकत्ता हादरले ते कृष्णमोहन बॅनर्जी डफ यांच्या शाळेचे नव्हते. ते हिंदू कॉलेजचे, तिथले शिक्षक डेरोझिओ यांच्या प्रभावाखालील बंडखोर तरुण. डफ यांच्या व्याख्यानांमुळे आणि चर्चांमुळे ते ख्रिस्ती झाले. शाळेतून झालेले लाल बिहारी डे यांच्यासारखे धर्मांतरित बुद्धीने मोठे होते, संख्येने मूठभर. डफ यांच्या तर्काची कच्ची बाजू लवकरच दिसली. जुनी श्रद्धा ढिली झाली तरी तिची जागा ख्रिस्ती धर्मच घेईल असे नव्हते. पावसाचे कारण कळलेला मुलगा नास्तिक होऊ शकत होता, ब्राह्मसमाजी होऊ शकत होता, किंवा घरी जाऊन पूर्वीसारखीच पूजा करू शकत होता.

समाजही गप्प बसला नाही. १८४५ मध्ये उमेशचंद्र सरकार हा तरुण आणि त्याची पत्नी ख्रिस्ती झाल्यावर ब्राह्मसमाजी देवेंद्रनाथ ठाकूर आणि सनातनी राधाकांत देव हे एरवीचे विरोधक एकत्र आले. त्यांनी पैसा जमवून १८४६ मध्ये हिंदू मुलांसाठी बिनफीची शाळा काढली. तिथेही इंग्रजी होतीच. लोकांना इंग्रजी हवी होती, बायबलचा तास नको होता, हे यातून स्वच्छ झाले.

मुंबईत हीच कथा जरा वेगळ्या सुरात घडली. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन १८२९ मध्ये मुंबईला आले. त्यांचा पिंड भाषापंडिताचा. ते मराठी शिकले, मराठीत वाद घातले. १८३१ मध्ये मोरभट दांडेकर यांच्याशी झालेला त्यांचा वाद प्रसिद्ध आहे. त्यांच्या पत्नी मार्गारेट यांनी मुलींच्या शाळा काढल्या, त्या देशी भाषांच्या. १८३२ मध्ये विल्सन यांनी इंग्रजी शाळाही सुरू केली. आजच्या विल्सन कॉलेजचा उगम तिथेच. १८३९ मध्ये धनजीभाई नौरोजी आणि होरमसजी पेस्तनजी या दोन पारशी विद्यार्थ्यांनी बाप्तिस्मा घेतला. पारशी समाज खवळला, प्रकरण सुप्रीम कोर्टात गेले. मुलाने आपल्या मर्जीने राहायचे ठरवल्याचे कोर्टाने मान्य केले, पण शाळा बरीचशी रिकामी झाली.

१८४३ चे शेषाद्री प्रकरण त्याहून गाजले. नारायण शेषाद्री यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. धाकटा भाऊ श्रीपत त्यांच्या मागोमाग मिशनच्या घरात राहायला गेला. तो अजाण असल्याने कोर्टाने त्याला वडिलांच्या ताब्यात दिले. मिशनऱ्यांकडे जेवलेल्या मुलाला जातीत परत घ्यायचे की नाही, यावर मराठी समाजात मोठे वादंग माजले. प्रायश्चित्त देऊन त्याला परत घ्यावे, या बाजूने बाळशास्त्री जांभेकर उभे राहिले आणि त्यासाठी त्यांनी सनातन्यांचा रोष पत्करला. मिशनरी शाळेमुळे हिंदू समाजाला आपल्या दाराची कडी आतून किती घट्ट आहे हे तपासावे लागले. धर्मांतरांच्या संख्येत न मावणारा हा परिणाम फार दूरवर गेला.

नारायण शेषाद्री यांचे पुढचे आयुष्य या लेखाच्या विषयाला थेट भिडते. इंग्रजी शाळेने त्यांना ख्रिस्ताकडे आणले, पण त्यांनी स्वतः ख्रिस्ती मंडळी उभी केली ती जालन्याजवळच्या बेथेल या वसाहतीत, मांग आणि इतर गरीब समाजांत, आणि मराठीतून. बाबा पदमनजी हेही मुंबईच्या मिशन शाळेत शिकले. १८५४ मध्ये बेळगावात त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि १८५७ मध्ये त्यांनी विधवांच्या दुःखावर ‘यमुनापर्यटन’ लिहिले, मराठीत. पंडिता रमाबाईंनी इंग्लंडमध्ये १८८३ मध्ये बाप्तिस्मा घेतला. त्या इंग्रजी उत्तम जाणत. तरी केडगावला त्यांनी अखेरची वर्षे बायबल साध्या मराठीत आणण्यासाठी वेचली. इंग्रजीने फार थोड्या माणसांना चर्चच्या दारापर्यंत आणले. दाराच्या आत जे काही वाढले ते लोकांच्या भाषेत वाढले.

याच्या उलट उदाहरण जोतीराव फुले यांचे आहे. पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या इंग्रजी शाळेत ते १८४१ ते १८४७ शिकले. ती इंग्रजी त्यांना थॉमस पेनच्या ‘राइट्स ऑफ मॅन’पर्यंत घेऊन गेली, आणि पेन हा चर्चचा कडवा टीकाकार. फुले मिशनऱ्यांविषयी आदराने बोलत, अहमदनगरच्या अमेरिकन मिशनची मुलींची शाळा पाहून त्यांना स्वतःच्या शाळेची प्रेरणा मिळाली, पण ते ख्रिस्ती झाले नाहीत. मिशन शाळेने दिलेल्या इंग्रजीचा इतका मोठा सामाजिक उपयोग महाराष्ट्रात दुसऱ्या कोणी केला नसेल, आणि तो शाळा काढणाऱ्यांच्या कल्पनेतही नव्हता.

मिशनऱ्यांपैकी ज्यांनी हा विरोधाभास सर्वात आधी आणि सर्वात कठोरपणे ओळखला ते अमेरिकेतील मिशन मंडळाचे चिटणीस रूफस अँडरसन. या मंडळाचे पहिले लोक १८१३ मध्ये मुंबईला आले होते. अमेरिकन मराठी मिशन या नावाने त्यांचे काम पुढे अहमदनगर परिसरात पसरले. १८५४-५५ मध्ये अँडरसन स्वतः पाहणीला आले. इंग्रजी शिकलेला मुलगा मंडळीच्या उपयोगी पडत नाही, तो सरकारी कचेरीत जातो, हे त्यांचे निरीक्षण. त्याहून खोल आक्षेप असा होता, की इंग्रजीमुळे तो आपल्याच माणसांपासून तुटतो. ज्या खेड्यात त्याने उपदेश करायचा, तिथे त्याला राहवत नाही. स्वतःचा कारभार स्वतः करणारी, स्वतःच्या पैशावर चालणारी आणि स्वतः वाढणारी स्थानिक मंडळी हे अँडरसन यांचे ध्येय होते, आणि त्यासाठी देशी भाषेतील शिक्षण पुरेसे होते. त्यांच्या भेटीनंतर मुंबई आणि अहमदनगरच्या मिशनमधील इंग्रजी शिक्षणाला कात्री लागली. श्रीलंकेत जाफन्याजवळ १८२३ पासून चालू असलेली आणि विद्वत्तेसाठी नावाजलेली बट्टिकोटा सेमिनरी १८५५ मध्ये बंद झाली.

अँडरसन यांचे निदान बरोबर होते, उपाय मात्र एकतर्फी. इंग्रजी बंद झाल्याचा सर्वात मोठा फटका नव्या ख्रिस्ती कुटुंबांना बसला. आपल्या मुलांना बरे शिक्षण मिळावे ही त्यांची साधी इच्छा होती, आणि तिचा निकाल समुद्रापार बसलेल्या मंडळाने लावला. काही दशकांत अमेरिकन मिशनला अहमदनगरमध्ये इंग्रजी हायस्कूल पुन्हा उभे करावे लागले.

त्याच सुमारास सरकारी धोरणाने मिशन शाळांचे स्वरूप पालटले. १८५४ च्या वुड यांच्या खलित्याने खासगी शाळांना अनुदान देण्याचे तत्त्व मान्य केले. त्यामागे डफ यांनी पार्लमेंटच्या समितीपुढे दिलेल्या साक्षीचाही भाग होता. शाळेने चांगले ऐहिक शिक्षण द्यावे, धर्मशिक्षणाची चौकशी सरकार करणार नाही, अशी ही व्यवस्था. मिशनच्या शाळा वाढल्या. पण १८५७ मध्ये विद्यापीठे स्थापन झाल्यावर अभ्यासक्रम आणि परीक्षा त्यांच्या हाती गेल्या. विद्यार्थ्याचे लक्ष मॅट्रिकवर, पालकाचे निकालावर. बायबलचा तास वेळापत्रकात राहिला, पण त्यातला जोर गेला. ख्रिस्ती शिक्षक पुरेसे नसल्याने पुष्कळ ठिकाणी शिक्षकही हिंदू असत. मद्रास ख्रिश्चन कॉलेजचे विल्यम मिलर यांनी तर उद्दिष्टाचीच नवी मांडणी केली. कॉलेजने बाप्तिस्मे मोजू नयेत, ख्रिस्ती विचार आणि मूल्ये समाजात मुरू द्यावीत, फळ पुढच्या पिढ्या पाहतील, असे ते म्हणत. ही भूमिका प्रामाणिक होती. तीत डफ यांच्या मूळ अपेक्षेचा त्यागही होता.

भारतातील ख्रिस्ती समाज कसा वाढला हे पाहिले की चित्र पुरे होते. २०११ च्या जनगणनेत ख्रिस्ती लोकसंख्या २.३ टक्के होती. यातील फार मोठा भाग इंग्रजी शाळांतून आलेला नाही. किनारपट्टीवरच्या जुन्या ख्रिस्ती परंपरा बाजूला ठेवल्या, तर तेलुगू, तमिळ, मराठी, पंजाबी खेड्यांतील दलित समाजांनी आणि ईशान्येच्या डोंगराळ भागातील जमातींनी गटागटाने धर्म स्वीकारला. तिथे काम झाले ते स्थानिक भाषेत. खासी भाषेला वेल्श मिशनरी थॉमस जोन्स यांनी १८४० च्या दशकात रोमन लिपी दिली. लिपी रोमन, भाषा खासी.

पूर्व आशियात या मार्गाला वेगळे कारण मिळाले. जपानमध्ये १८५९ मध्ये पहिले प्रॉटेस्टंट मिशनरी पोचले तेव्हा ख्रिस्ती धर्मावर कडक बंदी होती. ती १८७३ पर्यंत टिकली. धर्म सांगता येत नव्हता, इंग्रजी शिकवता येत होती, आणि पाश्चात्त्य सत्तांच्या दडपणाखाली आलेल्या सामुराई वर्गाला ती तातडीने हवी होती. मूळचे डच असलेले गुइडो व्हर्बेक नागासाकीत इंग्रजी शिकवत. पाठ्यपुस्तके म्हणून ते नवा करार आणि अमेरिकेची राज्यघटना वापरत. पुढे पंतप्रधान झालेले ओकुमा शिगेनोबू त्यांचे विद्यार्थी. व्हर्बेक यांना १८६९ मध्ये सरकारनेच तोक्योला बोलावून घेतले. जपानच्या नव्या राज्यकर्त्यांनी त्यांचे ज्ञान वापरले, धर्म मात्र बहुतेकांनी घेतला नाही.

गंमत अशी की जपानमधील सर्वात प्रभावी धर्मांतरे ज्यांच्या हातून झाली ते मिशनरी नव्हतेच. कुमामोतो येथील पाश्चात्त्य विद्येच्या शाळेत लिरॉय जेन्स हे माजी लष्करी अधिकारी शिक्षक होते. सारे शिक्षण इंग्रजीतून. काही वर्षांनी ते घरी बायबल शिकवू लागले. जानेवारी १८७६ मध्ये त्यांच्या पस्तीस विद्यार्थ्यांनी हानाओका डोंगरावर ख्रिस्ती धर्माची प्रतिज्ञा केली. गदारोळ झाला, शाळा बंद पडली, अनेक विद्यार्थी क्योतोला नुकत्याच निघालेल्या दोशिशा शाळेत गेले. त्याच वर्षी साप्पोरोच्या कृषी महाविद्यालयात आलेले विल्यम क्लार्क यांनी आठच महिने काम केले, पण जाण्याआधी विद्यार्थ्यांकडून श्रद्धेच्या करारावर सह्या घेतल्या. पुढच्या वर्गातील उचिमुरा कांझो आणि नितोबे इनाझो यांनीही त्यावर सही केली. उचिमुरा यांनी नंतर पाश्चात्त्य चर्चची संघटनाच नाकारली आणि चर्चविरहित जपानी ख्रिस्ती पंथ उभा केला. आजही जपानमध्ये ख्रिस्ती लोक सुमारे एक टक्का आहेत, तरी शिक्षणसंस्थांत त्यांचा ठसा मोठा आहे.

चीनमध्ये मतभेद उघड्यावर आला. शानतुंग प्रांतात शाळा चालवणारे कॅल्विन मॅटीअर यांनी इंग्रजी शिकवायला ठाम नकार दिला. इंग्रजी आली की मुलगा बंदरावर परदेशी पेढीत नोकरीला जातो, असे त्यांचे म्हणणे, अँडरसन यांचेच जणू. उलट शांघायच्या १८७९ मध्ये स्थापन झालेल्या सेंट जॉन्सने इंग्रजीला शिक्षणाचे माध्यमच केले आणि शहरी श्रीमंत वर्गाची पसंती मिळवली. दोन्ही बाजूंचे अंदाज खरे ठरले. इंग्रजी शाळा भरल्या, आणि त्यांचे पदवीधर व्यापारात, बँकांत, सरकारी सेवेत गेले. १९२० च्या दशकात राष्ट्रवादी विद्यार्थ्यांनी ख्रिस्तीविरोधी चळवळ उभारली, तेव्हा या शाळांवर पहिला आरोप परदेशी वर्चस्वाचा होता. १९४९ नंतर मिशनऱ्यांना देश सोडावा लागला आणि ख्रिस्ती कॉलेजे सरकारी संस्थांत विलीन झाली.

कोरियाचे उदाहरण वेगळ्या कारणाने महत्त्वाचे आहे. हेन्री अपेनझेलर यांच्या १८८५ च्या पाइजाइ शाळेत मुले येत ती इंग्रजी शिकून सरकारी पद मिळवण्यासाठी. पण कोरियातील चर्चची प्रचंड वाढ झाली ती सामान्य लोकांच्या हांगुल लिपीतील बायबलमुळे आणि स्थानिक मंडळींनी स्वतःचा भार स्वतः उचलण्याच्या धोरणामुळे. नव्या कराराचे कोरियन भाषांतर १८८७ मध्ये पूर्ण झाले होते. आशियात प्रॉटेस्टंट धर्म जिथे खऱ्या अर्थाने रुजला, तिथे तो इंग्रजीच्या खांद्यावर बसून आला नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर वसाहती संपल्या आणि अनेक नव्या राष्ट्रांनी मिशनऱ्यांना दार बंद केले. तेव्हा बायबलमधील एक जुना दाखला पुढे आला. पौल करिंथमध्ये तंबू शिवून पोट भरत असे आणि उपदेश करत असे, असे ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात आहे. त्यावरून व्यवसायाच्या आधारे परदेशात राहून धर्मसाक्ष देणाऱ्यांना तंबू शिवणारे म्हणू लागले. या विचाराचे प्रमुख प्रवर्तक क्रिस्टी विल्सन १९५१ मध्ये इंग्रजीचे शिक्षक म्हणून काबूलला गेले. अफगाणिस्तानात धर्मप्रचाराला मनाई होती. त्यांनी बावीस वर्षे शिकवले, पत्नीसह अंधांसाठी शाळा उभारली, परदेशी ख्रिस्ती रहिवाशांच्या चर्चचे काम पाहिले. १९७३ मध्ये त्यांना देशाबाहेर काढण्यात आले आणि चर्चची इमारत पाडली गेली. त्यानंतर त्यांनी लिहिलेले पुस्तक या क्षेत्रात अनेकांनी मार्गदर्शक मानले.

चीनने १९७८ नंतर आर्थिक दारे उघडली आणि इंग्रजीची भूक भडकली. विद्यापीठांना मातृभाषा इंग्रजी असलेले शिक्षक हजारोंच्या संख्येने हवे होते, पगार कमी होता, आणि इतक्या कमी पगारावर आनंदाने जायला तयार असलेला मोठा गट अमेरिकेतील इव्हँजेलिकल ख्रिश्चनांचा होता. १९८० च्या दशकात अशा शिक्षकांना पाठवणाऱ्या संस्था निघाल्या. दशकाच्या शेवटी मिशन-विचारक लुइस बुश यांनी उत्तर आफ्रिकेपासून पूर्व आशियापर्यंतच्या पट्ट्याला धर्मप्रचाराचे मुख्य क्षेत्र ठरवले. त्या पट्ट्यातील अनेक देशांत मिशनऱ्याला व्हिसा नव्हता, इंग्रजीच्या शिक्षकाला होता. सोव्हिएत प्रभाव ओसरल्यावर मंगोलिया खुला झाला. तिथे १९९२ मध्ये आलेल्या मॉर्मन पंथीयांच्या कामाची सुरुवात इंग्रजी शिकवण्यापासून झाली. अमेरिकेतील व्हीटन आणि बायोला यांसारख्या ख्रिस्ती विद्यापीठांनी इंग्रजी अध्यापनाचे पदव्युत्तर अभ्यासक्रम चालवले, त्यामुळे या शिक्षकांत प्रशिक्षितांची भर पडली.

या कामाच्या पद्धती ठरीव आहेत. काही वर्गांत बायबल हेच वाचनाचे पुस्तक असते आणि तसे आधी सांगितलेले असते. काही ठिकाणी वर्गात धर्माचा शब्दही निघत नाही, पण शिक्षकाच्या घरी चहाला, नाताळच्या कार्यक्रमाला, संभाषणाच्या सरावाला विद्यार्थी येतात आणि ओळख वाढते. उन्हाळी शिबिरे, फुकट संभाषणवर्ग, जोडीजोडीने सराव हे प्रकार जगभर दिसतात. भाषेच्या वर्गाचा एक गुण इथे कामाला येतो. दुसरी भाषा बोलायची तर स्वतःविषयी बोलावे लागते. घर, भीती, मृत्यू, भविष्य हे विषय संभाषणाच्या सरावात सहज निघतात. गणिताच्या शिक्षकाला अशी संधी नसते.

नैतिक वाद पेटला तो इथेच. २००३ मध्ये ज्युलियन एज यांनी ‘टेसॉल क्वार्टर्ली’ या इंग्रजी अध्यापनाच्या व्यावसायिक नियतकालिकात हा प्रश्न कठोरपणे मांडला. ॲलिस्टेअर पेनीकुक आणि सोफी कुताँ-मारँ यांनी त्याच वर्षी मिशनरी भाषा म्हणून इंग्रजी शिकवण्याच्या प्रकारावर स्वतंत्र लेख लिहिला. त्यांचा मुख्य आक्षेप लपवाछपवीवर होता. विद्यार्थी भाषेसाठी फी भरतो, सरकार भाषेसाठी व्हिसा देते आणि शिक्षकाचा मूळ हेतू दोघांनाही माहीत नसतो. दुसरा आक्षेप सत्तेचा. इंग्रजी, अमेरिका आणि ख्रिस्ती धर्म एकाच माणसाच्या रूपाने वर्गात येतात, आणि गुण देणे त्याच्या हाती असते. अशा ठिकाणी विद्यार्थ्याचा होकार मोकळा कसा मानायचा?

ख्रिस्ती शिक्षकांमधून आलेली उत्तरेही विचारपूर्वक होती. चीनमध्ये दीर्घकाळ शिकवलेले डॉन स्नो यांनी २००१ च्या पुस्तकात अशी भूमिका घेतली, की चांगले शिकवणे हीच सेवा आणि हीच साक्ष. शिकवणे हे निमित्त असेल आणि म्हणून ते वाईट केले जात असेल, तर ते विद्यार्थ्याशीही अप्रामाणिक आणि धर्माशीही. इतरांनी विचारले, की निरीश्वरवादी किंवा मार्क्सवादी शिक्षकही आपली मूल्ये वर्गात आणतोच, मग आक्षेप फक्त श्रद्धेवर का? २००९ मध्ये मेरी वाँग आणि सुरेश कानगराजा यांनी दोन्ही बाजूंच्या लेखकांना एका ग्रंथात आणले. कानगराजा जाफन्याचे तमिळ आणि स्वतः ख्रिस्ती. इंग्रजीच्या वर्चस्वावर त्यांनी आधीच मूलगामी लेखन केलेले. ज्या जाफन्यात बट्टिकोटा सेमिनरीच्या रूपाने मिशनरी इंग्रजीचे सर्वोत्तम आणि सर्वात वादग्रस्त रूप दिसले, तिथला माणूस हा संवाद जुळवतो, हे योग्यच होते.

या वादात एक फरक स्पष्ट ठेवला पाहिजे. डफ, विल्सन, मिलर यांच्या हेतूवर कितीही टीका करता येईल, पण तो त्यांनी कधी झाकला नाही. पालकांना ठाऊक होते, विद्यार्थ्यांना ठाऊक होते, वर्तमानपत्रांत भांडणे होत होती, कोर्टात खटले चालत होते. म्हणूनच राममोहन राय आपली भूमिका ठरवू शकले आणि देवेंद्रनाथ पर्यायी शाळा काढू शकले. ज्याला समोरच्याचा हेतू कळतो त्याला उत्तर देता येते. लपवलेल्या हेतूला उत्तर देता येत नाही. बंदी असलेल्या देशातील शिक्षक म्हणतील, की लपवणे आम्हांला कायद्याने भाग पाडले. ते खरेही आहे, आणि धर्म सांगण्यावर सरसकट बंदी घालणारा कायदा अन्यायी आहे. पण त्या कायद्याची किंमत शिक्षकाने चुकवायची असते, काही न कळता वर्गात बसलेल्या विद्यार्थ्याने नव्हे. शिक्षकाची खरी ओळख उघड झाल्यावर चौकशी होते ती स्थानिक मित्रांची. परदेशी शिक्षकाला बहुतेकदा विमानात बसवून परत पाठवले जाते.

मधला मार्ग शोधणारे प्रयोगही झाले. चिनी ख्रिश्चनांनी बिशप तिंग क्वांगशुन यांच्या पुढाकाराने १९८५ मध्ये नानचिंगला अमिटी फाउंडेशन स्थापन केले. त्याने जगभरच्या चर्चकडून शिक्षक मागवून कॉलेजांत नेमले. शिक्षकांचा चर्चशी संबंध सरकारला आणि कॉलेजला माहीत असे, वर्गात धर्मप्रचार करायचा नाही हे ठरलेले असे. प्रचाराची जबाबदारी चिनी चर्चची, परदेशी पाहुण्यांची नव्हे, हे त्यामागचे तत्त्व अँडरसन यांच्या विचाराच्या बरेच जवळ जाते.

चीनमध्ये परदेशी नागरिकांनी धर्मप्रचार करण्यावर १९९४ च्या नियमांनीच बंदी आली होती. २०१८ पासून लागू झालेल्या सुधारित धार्मिक नियमांनंतर अंमलबजावणी कडक झाली आणि अशा शिक्षकांना तिथे काम करणे अवघड होत गेले. दुसरीकडे अमेरिका आणि युरोपात स्थलांतरितांसाठी आणि निर्वासितांसाठी असंख्य चर्चमध्ये फुकट इंग्रजीचे वर्ग चालतात. मॉर्मन मिशनरी अनेक देशांत असे वर्ग घेतात आणि धर्माविषयी ऐकायचे की नाही हे विद्यार्थ्यावर सोडल्याचे जाहीर करतात. या वर्गांत बसणाऱ्यांची गरज कलकत्त्याच्या मुलांपेक्षा तीव्र असते. डॉक्टरला दुखणे सांगायचे असते, मुलाच्या शाळेचे पत्र वाचायचे असते, नोकरीचा अर्ज भरायचा असतो. अलीकडच्या काळात ख्रिस्ती इंग्रजी शिक्षकांच्या वर्तुळातूनच व्यावसायिक आचारनियमांची मागणी पुढे आली आहे. पुरेसे प्रशिक्षण घेऊन शिकवावे, वर्गाची जाहिरात खरी असावी, धर्माचा भाग असेल तर तो आधी सांगावा आणि त्याला नकार देणाऱ्या विद्यार्थ्याच्या शिक्षणात काही कमी पडू नये, अशा स्वरूपाच्या या अपेक्षा आहेत.